अर्थिंगवाले मिस्त्री

"पह्यले जमीन पाहा, मंग आस्मान."

कुठल्याही गावात एस.टी.तून उतरलं की मिस्त्री हे वाक्य म्हणत आणि लगेच तांब्याभर पाणी मागत. माणूस लांबून उन्हातून आलाय, तहानला असणार, म्हणून पंचायतीचा शिपाई तांब्या घासूनपुसून, वर फुलपात्र उपडं घालून घेऊन यायचा. मिस्त्री फुलपात्र त्याच्या हातात परत द्यायचे आणि तांब्या घेऊन चावडीच्या मागं चालू लागायचे. त्यांच्या मागं शिपाई, शिपायामागं निम्मं गाव. तिथं भिंतीशी जमिनीतून वीतभर वर आलेला एक लोखंडी पाइप असे. त्याच्या मुळाशी ते सगळं पाणी बारीक धारेनं ओतायचे आणि उकिडवं बसून मुरताना पाहत राहायचे. आत सरकारी रेडिओ खरखरत असायचा. त्याच्याकडं त्यांनी अजून ढुंकूनही पाहिलेलं नसायचं.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक असलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुणाचं औषध त्रिफळा असतं, कुणाचं पहाटे उठणं. आमच्या मिस्त्रींचं औषध अर्थिंग होतं. रेडिओला वर एक तार लागते, दोन बांबूंवर ताणलेली, ती आकाशातलं पकडते. आणि एक तार त्या लोखंडी पाइपाला जोडून खाली जाते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेल्या तांब्याच्या प्लेटेपर्यंत. वरची तार सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिचं कौतुक करतात. मिस्त्रींचा जीव खालच्या तारेत होता.

"रेडिओ म्हणजे काय, बाबू?" ते मला म्हणायचे. "वरून आलेलं ऐकाचं, आन नोको असलेलं खाली सोडून द्याचं. सोडून देनं ज्याले जमलं नाई, तो खरखर करते."

कारकुनाला तिकडं बाबू म्हणतात. मी बाबू होतो. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि विदर्भाशी आपलं मनोमीलन व्हावं म्हणून की काय, सरकारनं मला पुण्याहून उचलून बुलढाण्याला नेऊन ठेवलं होतं. गावोगावच्या सार्वजनिक रेडिओंची देखभाल करणारी आमची कचेरी. चार खोल्या, त्यातल्या दोनांत मेलेले रेडिओ. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला "कधी आले? जेवन झालं काय? राह्याची सोय लागली काय?" असं एका दमात विचारलं, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या मराठीच्या चुका दुरुस्त करत बसलो. जेवलो होतो की नव्हतो, ते सांगायचं राहूनच गेलं. संध्याकाळी त्यांच्या घरून भाकरी आणि ठेचा आला. तेव्हा मी तिशीचा होतो आणि भाषा शुद्ध असली की माणूस शुद्ध असतो, असं मला वाटत असे.

मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, डोक्याला टोपी, खांद्याला अवजारांची पिशवी. त्या पिशवीत डाख द्यायची लोखंडी सळई असे. सळई चुलीत तापवून ते तारांना डाख देत आणि शेवटी कथलाचा एक थेंब मुद्दाम सोडत, बरोबर ज्वारीच्या दाण्याएवढा. हा दाणा दिसला की डाख कुणाचा, हे जिल्ह्यात कुणाला विचारावं लागत नसे. सही करताना त्यांचा हात थरथरायचा, दाणा सोडताना कधी नाही.

माणसांचं मोजमापही ते याच मापानं करत. आमचे साहेब तापट होते, तर "साहेबाईचं अर्थिंग सुकलं आहे." शेजारीण सगळ्यांचं ऐकून घेते आणि कुणाजवळ बोलत नाही, तर "बाईचं अर्थिंग पक्कं." माझ्याविषयीचं मत त्यांनी सहा महिने राखून ठेवलं होतं. मग एकदा उंद्रीच्या बाजारात शेंगा खाता खाता म्हणाले, "राग नोको मानू बाबू, पन तुमच्या पुन्याच्या मानसाचं सारं डोक्यातच फिरून राह्यते. पायापावतर येतच नाई." मी राग मानला. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या हे लक्षातही आलं नाही.

देऊळगाव राजाच्या स्टँडवर एकदा जालन्याकडून येणारी बस दोन तास आली नाही. हॉटेलातल्या रेडिओत गाण्याच्या मागं गुणगुण चालली होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी मिस्त्री उठले, आमच्या दोघांच्या समोरचे पाण्याचे ग्लास उचलले आणि मोरीच्या मागं जाऊन ओतून आले. गुणगुण थांबली. मालकानं आनंदानं आणखी दोन चहा पाठवले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण शेजारच्या बाकड्यावर पुण्याचे ओळखीचे गृहस्थ बसले होते आणि मिस्त्री माझ्याकडं बोट दाखवून सगळ्या हॉटेलला सांगत होते, "हे आमचे बाबू, लय शिकेल आहेत."

त्यांच्या या पाणी पाजण्याचा परिणाम मात्र कधी कधी भलताच होई. एका गावात रेडिओच्या एरियलवर बायका लुगडी वाळत घालत. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणं आधी जमिनीत पाणी ओतलं, मग वर पाहिलं, मग लुगडी काढायला लावली. रेडिओ खणखणीत बोलू लागला. गावानं लुगड्यांचा दोष पदरात घेतला नाही, पाण्याचा गुण मात्र घेतला. पुढच्या खेपेला गेलो तर पाइपाला हळदकुंकू वाहिलेलं. आणि त्याच्याही पुढच्या खेपेला शिपायानं खालमानेनं सांगितलं की, परवा रेडिओ बसला म्हणून त्यानं तांब्याभर पाणी थेट रेडिओतच ओतलं.

मी त्याच्यावर ओरडणार होतो. मिस्त्रींनी मला हातानं थांबवलं. "त्याले काऊन बोलता? शिकोनारा मीच."

मग त्यांनी तो रेडिओ तीन दिवस उन्हात वाळवून, आतला काचेचा दिवा न् दिवा पुसून, पुन्हा बोलता केला. मिस्त्रींच्या स्वभावातली ही गोष्ट मला तेव्हा भोळेपणाची वाटली होती. मी तशी ती डायरीत लिहूनही ठेवली होती, आणि त्या शब्दाचं मला आज बरंच वाईट वाटतं.

आता ज्या गावाची हकीकत सांगायची आहे, त्याचं नाव सांगत नाही. चिखली तालुक्यातलं गाव, रस्त्याला लागून, म्हणून वीज लवकर आलेली. इथलं अर्थिंग म्हणजे मिस्त्रींचं दैवत. खड्डा त्यांनी स्वतः उभं राहून खणवला होता. दुसऱ्या गावांच्या सरपंचांना ते इथं आणून पाइप दाखवत. "अशी जमीन पाह्यजे राजेहो! हिच्यात काईही सोडा, पिऊन घेते!" सरपंच आणि त्याचा भाऊ शेजारी उभे राहून मान डोलवत. मिस्त्रींचं बोलणं एवढं मन लावून ऐकणारे लोक जिल्ह्यात दुसरे नव्हते, असं मिस्त्रींना वाटे.

एका चैत्रात या गावची तक्रार आली. चावडीवरचा रेडिओ रोज दिवेलागणीला बिघडतो, नेमका शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाच्या वेळेला. घूं घूं असा आवाज येतो, मध्येच तडतड होते, आणि रेडिओला हात लावला तर तो चावतो. इथपर्यंत ठीक होतं. पुढं सरपंचानं कारणही कळवलं होतं. गावातल्या बौद्धपुऱ्यानं, म्हणजे बौद्ध वस्तीनं, वर्गणी करून नवा रेडिओ आणला आहे, तो विहाराच्या ओट्यावर लावतात, पुरा गावाच्या वरच्या अंगाला असल्यानं आकाशातून येणारी लहर आधी त्यांचा रेडिओ ओढून घेतो, आणि चावडीला उरलंसुरलं मिळतं. तरी सदरहू रेडिओ बंद करण्यात यावा.

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो. पण कागद आवक झाला, त्याला नंबर पडला, आणि नंबर पडलेला कागद हसून परत पाठवता येत नाही. साहेबांनी समासात लिहिलं, 'मिस्त्री व लिपिक यांनी समक्ष तपास करावा. तक्रारीत तथ्य आढळल्यास खाजगी संच सीलबंद करावा.' मी लाखेची कांडी, मेणबत्ती आणि कचेरीचं पितळी सील पिशवीत घातलं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि बसमध्ये माझ्या शेजारी न बसता पुढं जाऊन बसले.

आम्ही दुपारी पोचलो, ते आधी पुऱ्यातच गेलो. रेडिओचा परवाना सोनोने गुरुजींच्या नावावर होता. त्याच पुऱ्यातले, शेजारच्या गावी प्राथमिक शाळेवर मास्तर. पस्तिशीचे, शांत, डोळ्यांखाली खडूची भुकटी बसल्यासारखे दिसणारे. भुसावळला रेल्वेत असलेल्या त्यांच्या मेहुण्यानं रेडिओ पसंत करून आणला होता. लाकडी पेटी, तिला बायकांनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. पुऱ्यात वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चाले.

मिस्त्रींनी बॅटरी पाहिली आणि मला ऐकू येईल इतपत हळू म्हणाले, "याचा तं खांबाशी संबंधच नाई. हा काय कोनाले तरास देईन?"

गुरुजी म्हणाले, "साहेब, एक विचारू काय? चावडीवर रेडिओ लागते तवा आमचे लोक खाली रस्त्यावर उभे राहून ऐकत. ओट्यावर चढा, असं कोनी म्हटलं नाई, चढू नोका, असंही कोनी म्हटलं नाई. मंग आमी हा आनला. आता बाया बसून ऐकतात. सीलच लावाचं असंन तं लावा, पन कारन खरं लिहा. मले पोराईले सांगा लागते."

मिस्त्रींनी तांब्याभर पाणी मागितलं. एका म्हातारीनं आणून दिलं. मी वाट पाहत होतो, आता हे उठतील, भिंतीमागं जातील. मिस्त्रींनी तांब्या तोंडाला लावला, वरून न ओतता, आणि अर्धा पिऊन टाकला. उरलेलं पाणी त्यांनी त्या रेडिओच्या अर्थिंगच्या पाइपाशी ओतलं. मग म्हातारीनं मला विचारलं, "बाबूसाहेब, तुमाले?" मी म्हणालो, मला तहान नाही. चैत्राची दुपार होती आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. ते वाक्य मी पुढं कितीतरी वेळा गिळायचा प्रयत्न केला आहे.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. सरपंच धिप्पाड, गोड बोलणारा, सगळ्यांना 'भाऊ' म्हणणारा. चावडीला लागूनच त्याच्या भावाचं घर. दिवे लागले आणि वेळ झाली तशी रेडिओतून घूं घूं सुरू झालं. मधूनमधून तडतड.

"आयका!" सरपंच म्हणाला. "तिकडं लावला असंन."

मिस्त्रींनी गुरुजींना निरोप पाठवला, रेडिओ बंद करून इथं घेऊन या. गुरुजी पेटी घेऊन आले आणि ओट्याच्या खाली उभे राहिले. रेडिओ बंद होता. चावडीचा रेडिओ घूं घूं करतच होता.

"त्याईनं आधीच ओढून भरून ठेवली असंन लहर," मागून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रींनी पेटी उघडून तिची बॅटरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आवाज चालूच.  मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या मागितला नाही. ते नुसतेच उठून भिंतीमागं गेले, मी कंदील घेऊन त्यांच्या मागं. त्यांच्याकडं एक पेचकस होता, मुठीत बारीक दिवा असलेला. विजेच्या तारेला लावला की दिवा लागतो. तो त्यांनी आपल्या लाडक्या पाइपाला लावला.

मुठीत लाल टिकली पेटली.

मिस्त्री तसेच वाकलेले राहिले. ज्या जमिनीनं सगळं पिऊन घ्यावं, तिच्यातच वीज होती. मग त्यांनी काडीनं पाइपाभोवतीची माती उकरली. रेडिओच्या तारेखाली आणखी एक तार होती, बोटभर खोल पुरलेली, भिंतीखालून सरपंचाच्या भावाच्या घरात गेलेली. पाइपाला ती पक्क्या डाखानं जोडली होती, आणि डाखावर ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब होता.

"हा माहा हात आहे," मिस्त्री म्हणाले.

मग मला हळूहळू उलगडलं. दोन वर्षांपूर्वी सरपंचाचा भाऊ त्यांच्याकडं आला होता. घरी रेडिओ घेतोय, थोडं सरकारी अर्थिंग मलाही द्या. कुणी मिस्त्रींकडं अर्थिंग मागावं, आणि त्यांनी नाही म्हणावं? त्यांनी हौसेनं स्वतः तार जोडून दिली, चहासुद्धा घेतला नाही. त्या घरात रेडिओ कधीच आला नाही. विजेला जायला एक तार लागते आणि परत यायला एक. भावानं जायची तार खांबावर आकडा टाकून घेतली, आणि परतीची मिस्त्रींच्या प्लेटेत सोडून दिली. 'हिच्यात काईही सोडा, पिऊन घेते,' हे मिस्त्रींचंच वाक्य त्यानं मनावर घेतलं होतं. आधी पाऊस चांगला झाला होता, उन्हाळ्यातही जमिनीत ओल राहिली, निभून गेलं. या चैत्रात ती पार सुकली, आणि दिवे लावले की रेडिओ घुमायला लागला. आकडा हलला की तडतड व्हायची.

सरपंच आमच्या मागं कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्याचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

"मिस्त्रीभाऊ, डाख तुमचा आहे. सरकारी प्लेटले खाजगी तार तुमी जोडली. आता तुमी काय लिहान, ते तुमीच पाहा. मी काय म्हनतो, दोन मह्यन्यासाठी त्याईच्या पेटीले लाख लावून टाका. पानी पडलं का सारं आपोआप बरं होते. मंग काढून घेऊ."

खरं सांगायचं तर मला हा तोडगा वाईट वाटला नाही. मिस्त्रींची निवृत्ती चार वर्षांवर होती. मी त्यांच्या कानाशी लागलो, निदान 'अज्ञात इसमाने तार जोडली' एवढं लिहा, पेटीला सील नको आणि तुमच्यावरही काही नको. कारकुनाच्या आयुष्यात अज्ञात इसमाचे फार उपकार असतात.

मिस्त्री उकिडवे बसले. खिशातून बिडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. ओट्यापलीकडं गुरुजी अजून उभेच होते. त्यांच्या हातात ते फुलाफुलांचं झाकण होतं, आणि ते त्याची घडी घालत होते, मोडत होते.

"इसम अज्ञात म्हनाल बाबू," मिस्त्री म्हणाले, "डाख कुठी अज्ञात आहे?"

त्यांनी शिपायाकडून लाकडी पाट मागवला, त्यावर उभे राहिले, लाकडी मुठीची पक्कड घेतली आणि तो डाख, आपल्या दाण्यासकट, तोडला.

सरपंचाच्या भावाचं अख्खं घर अंधारलं. आतून बाईचा आवाज आला, "अवो, आपलेच दिवे कसे गेले?" आणि त्याच क्षणी चावडीवरचा रेडिओ स्वच्छ, खणखणीत बोलू लागला. कापसाचे भाव चालले होते. मला अजून हसू येतं ते याचं, की एवढा उलगडा झाल्यावरसुद्धा गावानं आधी भाव शेवटपर्यंत ऐकून घेतले. अकोला झालं, खामगाव झालं, मग सगळ्यांनी माना वळवून त्या काळोख्या घराकडं पाहिलं. सरपंच म्हणाला, "पाहा बरं, मी म्हटलं नोतं, दुरुस्त होईन?" आणि घरी गेला.

अहवाल मी तिथंच कंदिलाच्या उजेडात लिहिला, मिस्त्री सांगत गेले. 'बौद्धपुऱ्यातील संचात दोष नाही. सरकारी अर्थिंगला खाजगी तार मी जोडली. तिचा वापर विजेच्या परतीसाठी झाला. मी दोन वर्षे तपासले नाही. दोष माझा.' मी 'दोष'च्या जागी 'त्रुटी' लिहिलं. त्यांनी ते खोडायला लावलं. लाखेची कांडी पिशवीत तशीच परत आली. गुरुजींनी पेटी उचलली आणि जाता जाता एकदा ओट्याची पायरी चढून वर आले, मिस्त्रींना नमस्कार केला आणि उतरून गेले. त्या ओट्यावर ते पहिल्यांदाच चढत होते, असं मला वाटतं. कुणी काही म्हटलं नाही.

सरकारचा न्याय तुम्हाला ठाऊक आहेच. पुऱ्याच्या रेडिओविरुद्धची तक्रार नस्तीबंद झाली. आकड्याची बाब 'या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही' म्हणून पुढं पाठवली, ती अजूनही कुठंतरी पुढंच जात असेल. उरला प्रश्न दोषाचा, आणि दोषी माणसानं तर सही करून कबुली दिलेली. मिस्त्रींची दौरे करण्याची परवानगी काढून घेतली आणि त्यांना मेलेल्या रेडिओंच्या खोलीत भांडारावर बसवलं. त्याच वर्षी आदर्श ग्रामपंचायत म्हणून सरपंचाचा सत्कार झाला. हारांची यादी मीच केली होती.

भांडारात मिस्त्री तीन वर्षं होते. तक्रार त्यांनी कधी केली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी ते कुठंतरी जात, सोमवारी पायांना काळी माती घेऊन येत. शेतावर जात असतील, असं मी समजलो. निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका सकाळी ते भांडारात आले नाहीत. रात्री झोपेतच गेले होते. त्यांच्या मृत्यूचे कागद मीच केले. दाखला, नस्ती, जावक नंबर. मला वाटलं होतं, सरावाचं काम आहे, होऊन जाईल. 'नाव' या रकान्याशी मी बराच वेळ अडलो. इतकी वर्षं मिस्त्रीच म्हणत आलो होतो, ते पूर्ण नाव कधी लिहिलंच नव्हतं.

त्यानंतर दीड-एक वर्षानं नव्या मेकॅनिकबरोबर मी पुन्हा त्या गावी गेलो. चावडीचा रेडिओ मुका होता. पाइप कुणीतरी उपटून नेला होता. "बंद असते आता," शिपाई म्हणाला. "मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम?" तो जरा घुटमळला आणि वरच्या अंगाला बोट दाखवलं.

दिवेलागणीला आम्ही पुऱ्यात गेलो. विहाराच्या ओट्यावर फुलाफुलांच्या झाकणाचा रेडिओ बोलत होता, आणि ओट्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या धुळीत गाव बसलं होतं. सरपंच नव्हता. त्याचा भाऊ होता. तो कुंपणाच्या दगडावर आमच्याकडं पाठ करून बसला होता, वारा खायला आल्यासारखा, आणि कापसाचे भाव लागले तसा त्यानं हळूच एक कान इकडं वळवला.

गुरुजींनी मला ओळखलं. म्हातारी आता नव्हती, त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं. मी सगळा तांब्या प्यालो. चव आठवत नाही, लाज आठवते.

मग गुरुजींनी मला आतून एक वही आणून दाखवली. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखलेले. खाजगी रेडिओला असली वही लागत नाही. पण अहवाल झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्त्री एका रविवारी स्वतःच आले होते, म्हणाले, तुमचं अर्थिंग कच्चं आहे, आणि कुदळ मागून स्वतःच्या हातानं खड्डा खणला होता. तेव्हापासून ते दर तीन महिन्यांनी येत. काम पाहत, आणि गुरुजींच्या आग्रहावरून थरथरत्या हातानं वहीत लिहीत, 'पाहून गेलो. दोष नाही.' खाली सही. मी एकेक पान उलटत गेलो. दोष नाही. दोष नाही. दोष नाही.

आणि मग त्यांचं अक्षर संपलं. पुढं गुरुजींचं वळणदार अक्षर होतं. दर तीन महिन्यांना एक ओळ. गैरहजर. गैरहजर. गैरहजर.

"गुरुजी, तुम्हाला कळलं नाही का?" मी विचारलं.

"कळलं न. तवाच कळलं."

"मग हे?"

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि मिटली. "शाळेचा नियम आहे, बाबूसाहेब. दाखला आल्याशिवाय पटावरून नाव कमी करता येत नाई. आमच्याकडं कोनी दाखला पाठोला नाई."

तो दाखला माझ्या कपाटात होता. जावक नंबरसुद्धा मला पाठ होता. त्यानंतर मी आठ वर्षं त्या कचेरीत काढली, आणि मनात आणलं असतं तर एका पोस्टाच्या पाकिटाचं काम होतं.

मी तो पाठवला नाही.